तात्यारावांचं 'नाही' आणि जावयाचा ड्रोन

हडपसरच्या तात्याराव ओव्हाळांनी लहानपणी पहिला शब्द कुठला काढला हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही, पण तो 'नाही' असणार यावर सगळ्या घराचं एकमत आहे. दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर त्या घराचं एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

चहा घेणार का, नाही. मग घ्यायचे, दोन कप. फोटोत जरा हसा, नाही. कारखान्यात साहेब म्हणायचा ओव्हाळ रविवारी येता का, नाही, आणि रविवारी गेटवर सगळ्यात आधी हेच उभे. लग्नसुद्धा असंच ठरलं. विमलाबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांच्या मामांनी विचारलं, "मुलगी नापसंत तर नाही ना?" तात्याराव सवयीनं म्हणाले, "नाही." झालं, साखर वाटली.

"मामांनी प्रश्न उलटा विचारला म्हणून मी या घरात आले," विमलाबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "सरळ विचारला असता तर सुटले असते."

"अजून विचार की सरळ."

"पसंत आहे का?"

"नाही."

आणि दोघं आपापल्या कामाला लागायची. त्यांचं भांडण कधी सुरू झालं असं म्हणता यायचं नाही, ते चालूच होतं, घरातल्या फ्रीजसारखं. आवाज यायचा, पण आतलं सगळं त्याच्यावरच टिकून होतं.

रिटायर झाल्यावर तात्यारावांनी एकच नाद लावून घेतला, मासे. रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात वंदनेला जायचे, पुढच्या रांगेत बसून पंचशील खड्या आवाजात म्हणायचे, आणि घरी येऊन शर्ट बदलून गळाची काठी घेऊन निघायचे. फुरसुंगीच्या पुढं एक जुनी दगडखाण आहे, बंद पडून पाण्यानं भरलेली. खाणीच्या कडेला गेनबांचं शेत. गेनबा म्हणजे कारखान्यातला त्यांचा जोडीदार, एका मशिनवर दोघांनी पाळ्या केलेल्या. दोघं काठावर बसायचे, तात्याराव पाण्याकडं बघायचे आणि गेनबा तात्यारावांकडं.

"सकाळी म्हणायचं प्राण्याला इजा करणार नाही आणि दुपारी त्याच्या तोंडात गळ घालायचा," विमलाबाई म्हणायच्या. "सांगू का भंतेजींना?"

"मी कुठं इजा करतो? वर काढतो, बघतो, सोडून देतो. पाहुणा आहे तो."

"मग इतकी वर्षं मासे धरणाऱ्याच्या घरात मासा मंडईतून का आणायचा मी?"

"तो आधीच मेलेला असतो. त्याचं पाप मंडईला."

खाणीच्या मधोमध पाण्याखाली एक डंपर बुडालेला आहे. त्या डंपरच्या आसऱ्याला एक कटला राहतो, असं तात्याराव आणि गेनबा सांगायचे. दोन हातांत मावायचा नाही एवढा. काही काम करत नाही, नुसता फिरून बाकीच्या माशांवर देखरेख करतो, म्हणून त्याचं नाव मुकादम. तात्यारावांचा गळ बरोबर डंपरपाशी पडायचा, एवढी लांबची फेक होती त्यांच्या उजव्या हातात. मुकादम येऊन गळाला लावलेलं पीठ खाऊन जायचा आणि गळ रिकामा यायचा.

"तुमच्यापेक्षा शहाणा आहे," विमलाबाई म्हणायच्या. त्यांनी त्या माशाला कधी बघितलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं.

मागच्या पावसाळ्यात तात्यारावांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, तोंड थोडं वाकडं राहिलं, बोलता यायला लागलं, पण हात लोंबतच राहिला. दवाखान्यातून घरी आणलं, खुर्चीत बसवलं. विमलाबाईंनी विचारलं, "चहा घेणार का?"

तात्याराव म्हणाले, "बरं."

विमलाबाईंना वाटलं औषधाची गुंगी असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं, अंघोळीला पाणी काढू? बरं. मऊ भात देऊ? बरं. पुढच्या खोलीत शेजारच्या हिराबाई बघतात ती मालिका लावू का, जी बघून तात्यारावांचं आजपर्यंत डोकं दुखायचं? बरं. शेजारीपाजारी म्हणायला लागले, काय शांत झाले हो तात्या, चांगलं झालं. नातेवाईक म्हणाले, आता सुखाचे दिवस आले विमलाबाई, आता मिळतंजुळतं घेतात.

विमलाबाईंना त्या 'बरं'ची धडकी भरायला लागली. एक दिवस त्यांनी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मूठभर मीठ घातलं. तात्यारावांनी ताट पुसून खाल्लं. मग त्यांनी शेवटचा उपाय केला. दारामागच्या काठ्या, रीळ, शिशाच्या गोळ्यांचा डबा सगळं पुढ्यात आणून टाकलं आणि म्हणाल्या, "भंगारवाला आलाय खाली. देऊन टाकू?"

तात्यारावांनी काठ्यांकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं.

"बरं," म्हणाले.

विमलाबाईंनी काठ्या उचलून परत दारामागं ठेवल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि मिक्सर लावला. मिक्सरात काही नव्हतं. बराच वेळ चालू होता.

आता जावयाकडं यायला पाहिजे. आमोदराव, मुलीचे, प्रियदर्शनीचे नवरे, आयटीत आहेत. माणूस सोन्यासारखा, पण नादी. आधी गिटार आणली, मग दुर्बीण, मग घरी पाव भाजायची भट्टी. पाव दोनदा झाला, नंतर भट्टीत चपला ठेवायला लागले. त्यानंतर ड्रोन आला. वर उडवून आपल्याच बिल्डिंगच्या टाकीचे फोटो काढायचे आणि सगळ्यांना पाठवायचे, खाली लिहून, मस्त व्ह्यू.

विमलाबाईंनी जन्मात कुणाला गळ घातली नव्हती. घरात एक माणूस गळ घालतो तेवढं पुरे, म्हणायच्या. पण एका संध्याकाळी प्रियदर्शनी आणि जावई आलेले असताना त्या आमोदरावांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"आमोदराव, तुमचं ते उडतं काय आहे, ते दोरा घेऊन जाईल का हो पाण्यावर?"

"ड्रोन? का हो आई?"

"यांना खाणीवर न्यायचंय. हातात फेक राहिलेली नाही. काठावर गळ टाकून बसवला तर चिलापीची पोरं येतील नुसती, यांना अजून वाईट वाटेल. डंपरपर्यंत गेला पाहिजे."

"आई, लोक करतात ड्रोननं फिशिंग! व्हिडिओ आहेत!" आमोदरावांचे डोळे चमकले. भट्टी आणली तेव्हा असेच चमकले होते.

"एवढं कराच तुम्ही. हात जोडते."

प्रियदर्शनीनं हातातला कप खाली ठेवला. आईनं हात जोडलेले तिनं विहाराबाहेर कधी बघितले नव्हते. "करतील, आई," ती म्हणाली. "न करून जातील कुठं."

आमोदरावांनी व्हिडिओ बघितला. ड्रोननं मासे धरताना लोक कुठल्या चुका करतात आणि त्या कशा टाळायच्या, असा तो व्हिडिओ होता, चांगला तासाभराचा. आमोदरावांनी दुप्पट वेगानं बघितला, मधे ऑफिसचा कॉल आला म्हणून थोडा सोडला, शेवट तर काय नेहमी सारखाच असतो म्हणून तोही सोडला. "कळलं," म्हणाले.

परवानगीचं मात्र त्यांनी नीट केलं, ते सांगायलाच पाहिजे. विमानतळामुळं कुठं उडवायला चालतं आणि कुठं नाही ते नकाशात बघितलं, खाण चालणाऱ्या भागात येते हे दोनदा तपासलं. सगळ्या प्रकरणात बरोबर झालेली ती एक गोष्ट.

मग सामान मागवलं. पाकिटातून एक बारकासा प्लास्टिकचा चिमटा निघाला. दोऱ्याला हिसका बसला की तो आपोआप उघडायचा आणि दोरा खाली पाण्यात सोडायचा, ड्रोन मोकळा. सगळ्या खेळाची चावी ती. पण ते व्हिडिओच्या सोडलेल्या भागात होतं. आमोदरावांना वाटलं पाकीट बंद ठेवायला दिलाय, त्यांनी तो सासूबाईंच्या ओट्यावर ठेवला. विमलाबाईंनी बघितला, दाबून बघितला, आणि पोह्यांच्या पाकिटाला लावला. छान बसला.

शनिवारी आमोदरावांनी हडपसरच्या गच्चीवर ट्रायल घेतली. ड्रोन वर गेला, फिरला, एक बटण दाबलं तर आपला आपण येऊन निघाला तिथंच उतरला.

"याला रिटर्न टू होम म्हणतात, आई. बॅटरी संपायला आली की घरी परत येतो. स्वतःहून."

"शिकलाय," विमलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं तसं नव्हतं. गेनबांना आणून सोडावं लागायचं."

रविवारी सगळे खाणीवर पोचले. गेनबांनी बाज टाकून ठेवली होती. तात्यारावांना बाजेवर बसवलं, डाव्या हातात काठी दिली. विमलाबाईंनी सकाळी उठून आमिषाचं पीठ मळलं होतं, कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि बडीशेप. तात्याराव नेहमी स्वतः मळायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. विमलाबाईंनी गोळा त्यांच्या नाकापुढं धरला. "बडीशेप जास्त झालीय का?"

"बरं आहे," तात्याराव म्हणाले.

गेनबांनी विमलाबाईंकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं.

आमोदरावांनी ड्रोन खडीच्या भुकटीवर ठेवला. पंखे फिरले तसा भुकटीचा लोट उठला आणि सगळ्यांच्या केसांत गेला. मग तंगूस, म्हणजे गळाचा तो नायलॉनचा दोरा, ड्रोनच्या पायाला बांधला. गाठ मारली. एकावर एक तीन गाठी मारल्या, सुटायला नको म्हणून.

विमलाबाईंनी ती गाठ बघितली. त्यांच्या मनात आलं, हे तिकडं जाऊन सुटणार कसं? पण जावयाला चूक म्हणायची पद्धत आपल्यात नाही. जावई म्हणजे जावई. त्यांनी प्रियदर्शनीकडं बघितलं, तिनं गेनबांकडं बघितलं, गेनबांनी आभाळाकडं बघितलं.

"वारं हाय बरं का, पाव्हणं," गेनबा एवढंच म्हणाले.

"जीपीएस आहे, काका."

"मंग ऱ्हाऊ द्या."

शिशाची गोळी तात्यारावांच्या डब्यातली मोठी घेतली होती. ड्रोनला ती जड होणार हे गेनबांच्या कुत्र्यालासुद्धा दिसत होतं, ते लांब जाऊन बसलं. आमोदरावांच्या हातातल्या पडद्यावर काहीतरी लिहून येत होतं, थांबा, होम नोंदवत आहे, असं काहीसं. आमोदरावांनी ते बोटानं बाजूला सारलं. "कायम येतं असलं काहीतरी," म्हणाले, आणि उडवला.

ड्रोन गेला. दारू पिऊन गेल्यासारखा गेला, डावीकडं झुकत, उजवीकडं झुकत, पण डंपरच्या जागी पोचला. आमोदरावांनी खाली आणला. गोळी बुडाली, पीठ बुडालं. वर ड्रोन घोंघावत उभा, खाली गळ पाण्यात, आणि दोन्हींच्या मधे तीन गाठी.

"आता सोडा," प्रियदर्शनी म्हणाली.

"हो," आमोदराव म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "सोडायचं कसं ते... एक मिनिट हं. व्हिडिओत होतं."

त्या एका मिनिटात मुकादम आला.

तंगूस ताणली. ड्रोन हातभर खाली गेला. आमोदरावांनी वर ओढला. माशानं खाली ओढला. हवेतलं यंत्र आणि पाण्यातला मुकादम यांची रस्सीखेच लागली. तात्यारावांच्या डाव्या हातातली काठी वाकली, रीळ करकरलं. बाजेवरून ते अर्धे उठले.

"तात्या, घट्ट धरू नका! ड्रोन पडेल!"

"बर..." तात्याराव म्हणायला लागले आणि तेवढ्यात पडदा बोंबलायला लागला. बॅटरी कमी. जड गोळी, वारा आणि मुकादम, तिघांनी मिळून बॅटरी पिऊन टाकली होती.

"काळजी नाही," आमोदराव म्हणाले. "आता आपोआप परत येईल. होमला."

ड्रोननं तोंड फिरवलं. पण काठाकडं नाही. उलटं, उत्तरेकडं फिरवलं आणि निघाला.

"कुठं चाललाय?" प्रियदर्शनी ओरडली.

आमोदरावांनी पडद्यात डोकं घातलं. "होमला... म्हणजे... अरे. गच्ची. हडपसर."

"बिगारी सुट्टी झाल्यावानी निघालाय," गेनबा म्हणाले.

मासा, तात्यारावांची काठी, सगळं घेऊन ड्रोन हडपसरकडं ओढ घ्यायला लागला. आमोदराव बटणं दाबत होते, काही होत नव्हतं. "तात्या, दोरा कापा! गेनबाकाका, चाकू! कापा दोरा!"

विमलाबाई पुढं आल्या. "अहो, कापा. जावयाचं यंत्र आहे. कापू का?"

तात्यारावांची मान लाल झाली होती. काठी त्यांनी बगलेत दाबली होती, डावा हात रिळावर, लोंबता उजवासुद्धा कोपरापासून हलत होता. त्यांनी आधी बायकोकडं बघितलं, मग जावयाकडं.

"नाही!"

असा आला तो शब्द की खाणीच्या कड्यावरून परत आला. नाही.

"तात्या, ऐका—"

"नाही म्हणलं ना! अरे गाढवा, तीन गाठी मारतं का कुणी? आणि त्याला घरी कुणी बोलावलंय? घरी कोण आहे त्याचं? कापणार नाही! मुकादम आहे तिकडं! हात लावायचा नाही कुणी!"

सहा वर्षांत ज्या जावयाला त्या घरात कुणी 'अहो' सोडून बोललं नव्हतं, त्याला गाढव म्हणून झालं होतं, ते पण परक्या माणसादेखत.

विमलाबाई तिथंच खडीवर बसल्या. पदर तोंडाला लावला. प्रियदर्शनी धावली, "आई, काय होतंय?" तर आई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी आणि हसू एकदम. "ऐकलंस?" म्हणत होत्या. "नाही म्हणले गं. कशालाच ऐकत नाहीत बघ. ह्या माणसानं माझं कधी ऐकलंय का!"

पुढचं थोडक्यात. तंगूस तुटली. मुकादम पीठ खाऊन डंपरमधे गेला, ड्रोन सुटला आणि हडपसरला पोचायच्या आधीच गेनबांच्या बांधावरच्या बाभळीत जाऊन अडकला. गेनबांनी शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीनं काढला. एक पंखा मोडला होता.

परत येताना गाडीत तात्याराव सगळा रस्ता बोलत होते. बडीशेप जास्त होती. गोळी जड होती. वारं होतं. गाठ, ती काय गाठ होती का? प्रियदर्शनीला नवऱ्याकडं बघायची चोरी झाली होती. घरी गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नका हो, तात्यांनी गाढव म्हणलं ते."

"मनावर काय," आमोदराव म्हणाले. ते खूश दिसत होते. "सहा वर्षं पाटावर बसवून श्रीखंड वाढतायत मला. आज पहिल्यांदा घरातलं कुणीतरी बोललं." आणि त्यांनी पूर्ण व्हिडिओ लावला. साध्या वेगानं. चिमट्याशी आल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला आणि सासूबाईंना फोन केला. "आई, तो पाकिटातला चिमटा कुठंय?"

"पोह्यांना आहे. का?"

त्यानंतर हिवाळाभर दर रविवारी चिमटा पोह्यांवरून निघायचा आणि खाणीवर जायचा. आता आमोदराव खाली सतरंजी अंथरून उडवायचे, वारं बघायचे, गोळी बारकी लावायचे, खाणीवर 'होम' नोंदेपर्यंत हात बांधून उभे राहायचे. ड्रोन डंपरवर पोचला की ओरडायचे, "तात्या, द्या!" तात्याराव डाव्या हातानं काठीला हिसका द्यायचे, तिकडं चिमटा टप्पकन उघडायचा आणि गळ बरोबर जागेवर पडायचा. तात्याराव प्रत्येक वेळी म्हणायचे जागा चुकली. आमोदरावांचा आमोद्या झाला. घरी विमलाबाई शेजारच्या हिराबाईंना दारात उभ्या राहून सांगायच्या, "काय करू हो, गोळी घ्या म्हणलं नाही, चाला म्हणलं नाही, माझा जीव खाल्लाय या माणसानं," आणि असं सांगताना अशा दिसायच्या की हिराबाईंना वाटायचं यांना लॉटरी लागली की काय.

मुकादम काही सापडला नाही. तात्याराव म्हणायचे, तो आता ड्रोनचा आवाज ओळखतो, जेवायची घंटा समजतो.

उन्हाळ्यात दुसरा झटका आला, दुपारी, पानावर. विमलाबाईंनी विचारलं, भात घेता का अजून, तात्याराव म्हणाले नाही, आणि वाटी पुढं केली. विमलाबाई भात वाढायला वाकल्या, तेवढ्यात. वाढलेला भात वाटीत तसाच राहिला.

जलदान विधी झाला, भंतेजी येऊन गेले, लोक जेवून गेले. सगळ्यांनी सांगितलं माणूस फार समजूतदार होता. विमलाबाई प्रत्येकाला म्हणाल्या, "नाही, नव्हता." लोकांना वाटलं दुःखानं बोलतायत.

अस्थी नदीत सोडायच्या असं ठरत होतं, तेव्हा आमोदराव खाली मान घालून म्हणाले, "आई, थोड्या खाणीत सोडू या का? मधोमध. डंपरपाशी. मी नेतो."

आमोदरावांनी त्या दिवशी एकही चूक ठेवली नाही. वारं पडेपर्यंत वाट बघितली. सतरंजी अंथरली. बॅटरी भरलेली. तात्यारावांच्या पांढऱ्या रविवारच्या शर्टाच्या बाहीतून कापड काढून विमलाबाईंनी बारकी पुरचुंडी केली होती, तिचं वजन केलं.

"होम कुठं नोंदवलंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"इथंच, आई. तिसऱ्यांदा बघितलं."

"गाठ?"

"गाठ नाही. चिमटा."

पुरचुंडी चिमट्याला लावली. ड्रोन सरळ गेला, एकदाही झुकला नाही, डंपरवर जाऊन उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले. आमोदरावांनी थोडा खाली घेतला, थोडा वर घेतला, हलवला. पुरचुंडी पडेना. परत हलवला. बॅटरी बोंबलायला लागली, ड्रोन शहाण्यासारखा वळला आणि पुरचुंडी घेऊन सतरंजीवर येऊन बसला.

आमोदराव घामाघूम झाले. "सगळं बरोबर होतं. सगळं तपासलं मी. चिमटा चालतोय की."

गेनबा पुढं आले. "पाव्हणं, चिमटा हिसक्यानं उघडतो ना? मंग हिसका कोन देनार? दर टायमाला तात्या देत व्हता. या टोकाला मानूस लागतंय की."

व्हिडिओत ते नव्हतं.

विमलाबाई पुरचुंडीकडं बघत होत्या. "न्यायला निघाले तर परत आले," म्हणाल्या. "नाही म्हणले. बघा." मग आमोदरावांना म्हणाल्या, "त्यांची काठी गाडीत आहे ना? आणा."

काठी त्यांनी आजवर झाडताना बाजूला सारायला किंवा उचलून ठेवायला सोडून कधी हातात घेतली नव्हती. आमोदरावांनी दुसरी बॅटरी लावली, तंगूस पुरचुंडीला बांधून चिमट्यात दिली. विमलाबाई बाजेवर तात्यारावांच्या जागी बसल्या, पदर खोचला, दोन्ही हातांनी काठी धरली. ड्रोन उडाला.

"आई, मी सांगितल्यावर हं. अजून नाही. अजून थोडं पुढं जाऊ द्या, अजून..."

विमलाबाईंना तंगुशीची ओढ हातात लागली. जिवंत ओढ होती ती, कुणीतरी पलीकडून धरल्यासारखी. त्यांनी भिजलेली चादर दोरीवर झटकतात तसा दोन्ही हातांनी हिसका दिला. टप्पकन चिमटा उघडला. पुरचुंडी पडली, पण काठापासून जरा पुढं, बाजेवर बसून तात्याराव पाय सोडायचे तिथून चार हातांवर. पाण्यावर गोल उमटले आणि काठाला येऊन लागले.

"लवकर ओढलं, आई," आमोदराव म्हणाले. "बॅटरी आहे अजून. तंगूस गुंडाळून परत घेऊ का? मधोमध नेतो."

विमलाबाईंनी पाण्याकडं बघितलं, मग जावयाकडं बघितलं.

"नाही," म्हणाल्या.

पाण्यालगत गेनबांकडून तंगूस कापून घेतली आणि उरलेली रिळावर गुंडाळायला लागल्या, उलटं गुंडाळत होत्या, गेनबांनी सरळ करून दिलं. उठताना हात पुढं केला.

"आणि तो चिमटा आण इकडं, आमोद्या. पोहे सर्द झालेत घरी."